सपाट तळाचा जोडा

जोडा हा उंबरठ्याबाहेरचा विषय आहे, अशी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. जोडा बाहेर काढावा, पाय धुवावे आणि मग माजघरांत यावें. त्यामुळें जोड्याविषयींचें ज्ञानहि जोड्याबरोबर बाहेरच राहिलें. पैठणीचा पोत, आंबेमोहोराचा वास, तुपाची कणी यांवर तासन् तास बोलणारी मंडळी जोडा घ्यावयास गेली म्हणजे दोनच प्रश्न विचारतात: नंबर कोणता आणि किंमत काय. ज्या चर्मकारांस या विषयाचें खरें ज्ञान होतें, त्यांस आपल्या समाजानें ओसरीवर बसवून कधीं दोन गोष्टी विचारल्या नाहींत. आणि त्याची भरपाई आतां आपलेच पाय करीत आहेत.

गेल्या कांहीं वर्षांत पुण्याच्या मध्यम वयाच्या मंडळींस डोंगराचें वेड लागलें आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. रविवारीं पहांटे आतकरवाडीस जाऊन पाहावें. पेन्शनर, गृहिणी, बँकेंतील नोकर, कॉलेजांतील विद्यार्थी अशी सर्व तऱ्हेची मंडळी सिंहगड चढत असते. कांहीं तरुण तर गड धांवत चढतात आणि धांवतच उतरतात; सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड जोडणारी धांवण्याची शर्यतहि हल्लीं होऊं लागली आहे. या लोकांत सध्यां एक वाद जोरांत आहे. टांचेखालीं उंचवटा असलेला जोडा चांगला, कीं अगदीं सपाट, ज्यास झीरो-ड्रॉप म्हणतात, तो चांगला? आमच्या घरांत हा वाद दोन दारांनीं एकदमच शिरला. म्हणून त्यासंबंधीं जें कांहीं वाचलें, पाहिलें आणि पायांनीं पारखलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिलें दार आमच्या वहिनींचें. वहिनींचें वय ६३. दादा असतांना उभयतां दर रविवारीं सिंहगडावर जात. दादा गेल्यावर आतां त्या घरीं बसतील असें सर्वांस वाटलें होतें. परंतु दुसऱ्याच महिन्यापासून त्या एकट्या निघाल्या. त्या वाटेवर त्यांस काय मिळत असे हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं आणि त्यांनींहि कधीं सांगितलें नाहीं. पुढें त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशीं हाड बाहेर येऊं लागलें, अंगठा शेजारच्या बोटावर कलला, आणि निमुळत्या टोंकाच्या बुटांतून गड उतरतांना डोळ्यांस पाणी येऊं लागलें. प्रथम त्या अर्ध्या वाटेवरून परतूं लागल्या. मग एक पावसाळा गेल्याच नाहींत. मग पाठीची पिशवी खुंटीवरच राहिली. घरांतील कोणी तरी म्हणालें, 'वयोमानाप्रमाणें व्हावयाचेंच.' तें ऐकून वहिनी आम्हांस म्हणाल्या, 'भावोजी, पाय माझा थकलेला नाहीं, बूट अरुंद आहे. तेवढ्यासाठीं गड सोडूं का मी?'

दुसरें दार आमच्या भाचीचें. ती २६ वर्षांची. तिला डोंगरांत धांवण्याचा नाद. तिनें सपाट जोड्यांची कीर्ति कोठें तरी वाचली, सोमवारीं जोडा आणला, बुधवारीं तो घालून तळजाईची टेकडी धांवून आली आणि रविवारीं गड. तिसऱ्या आठवड्यांत तिला जिना उतरवेना. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या आणि टांचेमागची जाड शीर हात लावूं देईना. 'मामा, हे जोडेच लबाड आहेत,' असें म्हणून तिनें ते खाटेखालीं लोटून दिले. मौज अशी कीं जी वस्तु एकीस औषधासारखी हवी होती, तीच दुसरीस विषासारखी झाली होती.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. धांवण्याच्या नेहमींच्या जोड्यांत टांचेखालचा थर चवड्याखालच्या थरापेक्षां बहुधा ८ ते १२ मिलिमीटर जाड असतो. या फरकास ड्रॉप म्हणतात. टांच आणि चवडा जमिनीपासून सारख्याच उंचीवर असले म्हणजे ड्रॉप शून्य झाला. येथें पुष्कळांचा घोटाळा होतो तो असा कीं, सपाट म्हणजे पातळ अशी ते समजूत करून घेतात. वस्तुतः टांचेखालीं २५ मिलिमीटर आणि चवड्याखालींहि २५ मिलिमीटर गादी असली तरी तो जोडा शून्य ड्रॉपचाच. आणि ५ मिलिमीटरची रबरी सपाता, तीहि शून्य ड्रॉपचीच. उतार निराळा आणि जाडी निराळी. बोटांपाशीं असलेली रुंदी ही तर तिसरीच गोष्ट. सपाट जोडा असूनहि तो पुढें निमुळता असूं शकतो. वहिनींस खरी गरज होती ती रुंदीची, सपाटपणाची नव्हे. परंतु बाजारांत हे दोन गुण बहुधा एकाच जोड्यांत एकत्र येतात, याचें कारण थोडें इतिहासांत आहे.

मनुष्याचें जुनें पादत्राण बहुतेक सपाटच. आपली कोल्हापुरी वहाण घ्या. तिच्यांत ना उंचवटा ना गादी. धांवण्याच्या जोड्यांत टांचेखालीं जाड गादी रूढ झाली ती १९७० नंतर. त्यापूर्वीं, १९५५ सालीं, एमा गेटवुड नांवाची ६७ वर्षांची अमेरिकन आजी, अकरा मुलांची आई, ॲपलाचियन नांवाची सुमारें ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटी चालून गेली. पायांत कॅनव्हासचे साधे सपाट बूट आणि खांद्यावर घरीं शिवलेली पिशवी. वाटेंत जोड्यामागून जोडा झिजला, बाई झिजली नाहीं. (वहिनींस ही हकीगत इतकी आवडली कीं ती त्यांनीं भिशीच्या मंडळांतहि सांगितली.) १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकला, हें तर पुष्कळांस ठाऊक आहे, परंतु १९६४ सालीं टोकियोस तोच गृहस्थ बूट घालून आणखी वेगानें धांवला आणि पुन्हां जिंकला, ही गोष्ट अनवाणी पंथाचे लोक सहसा सांगत नाहींत.

सध्यांच्या सपाट जोड्यांचा जन्म मात्र अलीकडचा. २००९ सालीं ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचें 'बॉर्न टु रन' हें पुस्तक निघालें. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांतून राहणारे रारामुरी लोक टायरच्या रबराच्या सपाट वहाणा घालून मैलोगणती धांवतात, हें त्यांतून जगास कळलें. त्यांच्यांतील व्हिक्टोरियानो चुरो यानें १९९३ सालीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, अमेरिकेंतील लेडव्हिल येथील १०० मैलांची शर्यत जिंकली होती. त्याच सुमारास युटा संस्थानांत, आपल्या घरच्या जोड्यांच्या दुकानांत काम करणारा गोल्डन हार्पर नांवाचा तरुण एक उद्योग करीत होता. तो धांवण्याचे जोडे पाव भाजण्याच्या छोट्या भट्टींत तापवी, तळ सुटा करी, टांचेखालचा जादा थर काढून टाकी आणि तळ पुन्हां चिकटवी. त्यांतूनच आल्ट्रा ही कंपनी निघाली आणि २०११ सालीं तिचे जोडे विक्रीस आले. त्यांत तळ सपाट आणि बोटांची जागा पायाच्या आकाराची, असे दोन्ही गुण एकत्र होते. पुढें हीच जोडगोळी इतरांनींहि उचलली.

नव्या मताचा उत्साह नेहमीं पुराव्याच्या पुढें धांवतो. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं 'नेचर' मध्यें एवढेंच दाखविलें होतें कीं अनवाणी धांवण्याची संवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळें पाऊल पडतांनाचा पहिला धक्का कमी बसतो. त्यावरून लोकांनीं पातळ जोडा घातला कीं दुखापत टळते असा निष्कर्ष काढला. पायाच्या पांच बोटांसाठीं पांच कप्पे असलेले जोडे करणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेंत खटला झाला, आणि २०१४ सालीं दोष कबूल न करतां ३७ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊन तिनें तो मिटविला. २०१३ सालीं ब्रिगहॅम यंग विद्यापीठांतील संशोधकांनीं पाहिलें कीं, तसल्या पातळ जोड्यांकडे १० आठवड्यांत वळलेल्या धांवपटूंपैकीं पुष्कळांच्या पावलांच्या हाडांत सूज आली होती. सपाट जोड्यानें दुखापती कमी होतातच, असें अद्याप निर्विवाद ठरलेलें नाहीं. ठरलें आहे तें इतकेंच कीं, टांच खालीं आली म्हणजे गुडघ्यावरचा कांहीं भार कमी होऊन तो पोटरीवर आणि टांचेमागच्या शिरेवर जातो. भार नाहींसा होत नाहीं; त्याचें बिऱ्हाड बदलतें. आमच्या भाचीनें नव्या भाडेकरूस बिऱ्हाड झाडण्याचीहि सवड दिली नव्हती.

सवड किती द्यावी? आमच्या मतें तरुणांनीं निदान दोन महिने, आणि पन्नाशीपुढच्यांनीं तीन. याबाबतींत आपल्या घरांतील लोकांस एक लाभ आहे, तो म्हणजे आपण घरांत अनवाणी वावरतों. परीक्षा साधी आहे: दोन्ही टांचा जमिनीस टेकवून उकिडवें बसावें. ज्यास असें दोन मिनिटें सुखानें बसतां येतें, त्याची टांचेमागची शीर पुरेशी लांबते. त्यास सपाट जोडा लवकर मानवेल. ज्याच्या टांचा उचलतात किंवा जो मागें कलंडतो, त्यानें आधीं जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टांचा हलके हलके खालीं-वर करण्याची संवय करावी. आमची भाची खुर्चीवर बसून वाढलेली, ती कलंडली. वहिनी, अंगठ्याचें दुखणें असूनहि, बसून भाजी निवडावी तशा बसल्या! ज्यांस मधुमेहामुळें तळव्याची जाणीव कमी झाली आहे, त्यांनीं मात्र हे प्रयोग डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच करूं नयेत. खडा रुतलेला न कळणें हें त्यांच्या बाबतींत फार महाग पडतें.

आतां प्रत्यक्ष निवड. दुकानांत जातांना एक कागद बरोबर न्यावा. संध्याकाळीं, दिवसभराच्या वावरानें पाय थोडा फुगलेला असतांना, कागदावर उभें राहून पेन्सिलीनें दोन्ही पावलांची रेघ काढावी. बसून काढल्यास पाऊल लहान येतें. दुकानांत जोड्यांतील सुटी गादी बाहेर काढून ती त्या रेघेवर ठेवावी. गादीच्या बाहेर बोटें दिसलीं कीं तो जोडा खालीं ठेवावा, मग तो कितीहि नामांकित असो. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पाहिजे, कारण उतारावर पाऊल पुढें सरकतें आणि नखें काळीं पडतात तीं याच जागेच्या अभावीं. वहिनींचा कागद पाहून एका दुकानदारानें 'बाईंना एक नंबर मोठा देतों' असें सांगितलें. परंतु एक नंबर मोठा म्हणजे लांबी वाढली, टांच आंत हलूं लागली आणि बोटांपाशीं तीच चिमट. अरुंद जोड्यावर लांब जोडा हें उत्तर नव्हे. पांचव्या दुकानांत कागदाची रेघ आणि गादी जुळली.

तळाचें रबर हा आमच्या मतें या साऱ्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग होय. या रबराचा इतिहासहि ऐकण्यासारखा आहे. १९३५ सालीं इटलीच्या आल्प्समध्यें सहा गिर्यारोहक मृत्युमुखीं पडले. पायांतील जोडे त्या थंडीस आणि बर्फास अपुरे होते. त्यांचा मित्र विताले ब्रामानी यानें त्यानंतर खोल दांत्यांचा रबरी तळ तयार केला, आणि वर सांगितलेली व्हिब्रम कंपनी त्याच्याच नांवाची. आपल्याकडे बर्फ नाहीं, पण आपल्या डोंगरांची खोडी निराळी आहे. सह्याद्रीचा कातळ काळा बेसाल्ट. दिवाळीनंतर त्यावर बारीक मुरूम पसरतो आणि पाऊल ठेवलें कीं खालीं गोट्या ठेवल्याप्रमाणें सरकतें. डोंगरांत हिंडणारे यास घसारा म्हणतात. पावसाळ्यांत त्याच कातळावर शेवाळें चढतें. परदेशी जाहिरातींतील पाइनच्या पानांची मऊ वाट येथें नाहीं.

घसाऱ्यासाठीं रबराचे दांते निदान ४ ते ५ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून सुटे पाहिजेत, म्हणजे ते खडींत रुततात आणि चिखल त्यांत अडकून राहत नाहीं. ओल्या कातळासाठीं मात्र दांत्यांपेक्षां रबराची जात महत्त्वाची. मऊ रबर कातळास धरतें पण लवकर झिजतें. कठीण रबर वर्षानुवर्षें टिकतें पण ओल्या दगडावर काचेसारखें निसटतें. 'टिकाऊ' हा शब्द ऐकून आपली मंडळी जेव्हां अगदीं टणक तळाचा जोडा पसंत करतात, तेव्हां त्यांनीं हा हिशेब केलेला नसतो. आम्ही स्वतः मऊपणाकडे झुकतों. तळ झिजला तर नवा घेतां येतो, साठीनंतर मांडीचें हाड मोडलें तर तें इतकें सोपें नाहीं. दांत्यावर नखानें दाब द्यावा. किंचित् दबून पुन्हां वर आला तर ठीक. शेवाळावर मात्र कोणतेंहि रबर भरंवशाचें नाहीं, तेथें वाट बदलावी. आणि दांत्यांचे जोडे घालून डांबरी रस्त्यावर रोजचें फिरणें करूं नये. डोंगरांत जे दांते वर्ष काढतात, ते डांबरावर काहीं महिन्यांत गुळगुळीत होतात.

वरच्या कापडाविषयीं थोडक्यांत. रुंद जोडा प्रथम फाटतो तो करंगळीच्या बाजूस, जेथें पाऊल दुमडतें तेथें. त्या घडीवर जाळीदार कापडाबरोबर जाड पट्टी आहे का, आणि ती नुसती चिकटविलेली आहे कीं शिवलेलीहि आहे, तें पाहावें. बोटांपुढें रबराची कड असावी. पाणी न शिरणारें अस्तर असलेले जोडे विक्रेता आग्रहानें दाखवितो. बर्फाच्या देशांत ते उत्तम, पण सह्याद्रीच्या पावसांत पाणी घोट्यावरून आंत शिरतें आणि मग तें अस्तर त्यास बाहेर जाऊं देत नाहीं. पायांत दिवसभर तळें घेऊन हिंडण्यापेक्षां पाणी आलें तसें निघून जाणारी जाळी बरी. घरीं आल्यावर ओला जोडा चुलीपाशीं किंवा कडक उन्हांत ठेवूं नये, चिकटवणाचा गोंद सुटतो. आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलींत ठेवावा. 'चांगला आहे म्हणून जपून' कपाटांत ठेवण्यांतहि अर्थ नाहीं. कांहीं जोड्यांचा पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेंत कपाटांतल्या कपाटांत भुगा होतो, आणि कोंकणांत तर हें विशेष.

जोड्याच्या सांध्यांविषयीं आम्हांस खरें शिक्षण मिळालें तें आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या वृद्ध चर्मकाराकडून. त्यानें भाचीचा टाकलेला जोडा उलटा केला, तळावर अंगठा फिरविला आणि विचारलें, 'ताई डाव्या पायावर जास्त भार देतात काय?' तें खरें होतें. लहानपणीं तिचा उजवा घोटा मुरगळला होता. नवा जोडा पहिल्याच आठवड्यांत आणावा, पुढच्या टोंकास आणि घडीच्या जागीं दोन टांके घालून देतों, असें त्यानें सांगितलें. आणि त्यानें घातलेले ते टांके अद्याप उसवलेले नाहींत.

किंमतीचा हिशेब असा. धांवण्याच्या जोड्याचें आयुष्य साधारणपणें ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. आतकरवाडीहून गडावर जाऊन परत येणें पांच-सहा किलोमीटर; वर्षाचे ५० रविवार धरले तरी ३०० किलोमीटर होतात. म्हणजे वहिनींसारख्यांस एक जोडा दोन वर्षें पुरावा. आठवड्यास ४० किलोमीटर धांवणाऱ्या भाचीचा तोच जोडा पांच महिन्यांत संपणार. तेव्हां 'हा किती वर्षें टिकेल' हा प्रश्न दुकानदारास विचारण्यांत हंशील नाहीं. त्याचें उत्तर आपल्याच चालण्यांत आहे.

येथें कोणी म्हणेल, गडावर दहींताक विकणाऱ्या बाया डोक्यावर ओझें घेऊन साध्या सपातांत रोज चढतात, त्यांचें काय? त्यांचें पाऊल लहानपणापासून त्याच वाटेवर घडलेलें आहे, हें खरें. परंतु त्या सपाता त्यांनीं निवडलेल्या नाहींत, परवडल्या म्हणून घेतल्या आहेत. त्यांच्यापैकीं एकीनें वहिनींचा नवा जोडा हातांत घेऊन दाबून पाहिला आणि 'माझ्या टांचांना असा मिळाला तर बरं होईल,' असें म्हटलें. त्यांच्या नांवानें साध्या पादत्राणांचे गोडवे गाणाऱ्यांनीं हें ऐकावयास हवें होतें.

वहिनींनीं नवा जोडा आणल्यावर पहिले तीन आठवडे तो घरांतच घातला. रोज अर्धा तास, माजघरांतून देवघरापर्यंत. आमच्या ८८ वर्षांच्या मातोश्रींनीं कपाळास हात लावला, परंतु जोडा कोरा आहे अशी खात्री पटल्यावर 'स्वैंपाकघरांत तरी नको' एवढ्यावर तडजोड झाली. मग पर्वती, मग तळजाई, आणि अकराव्या आठवड्यांत आतकरवाडी. अंगठ्याचें हाड आंत गेलेलें नाहीं, जोड्यानें तें जात नसतें. पण उतरतांना त्यावर आतां कांहीं घांसत नाहीं. भाचीचा जोडा खाटेखालून बाहेर निघाला असून ती आठवड्यांतून दोनच दिवस तो घालून धांवते, बाकीचे दिवस ४ मिलिमीटर ड्रॉपचा, आणि ती तेथेंच राहावी असें आम्हांस वाटतें. प्रत्येकानें शून्यापर्यंत पोंचलेंच पाहिजे असें कांहीं नाहीं.

वहिनींच्या जोड्याचे दांते आतां टांचेपाशीं निम्मे उरले आहेत, तेव्हां गणपतीपूर्वीं दुसरा घ्यावयाचा आहे. कंपन्या त्याच नांवाचा जोडा दर एक-दोन वर्षांनीं नव्या रूपांत काढतात आणि कधीं कधीं पुढची रुंदी गुपचुप बदलतात. म्हणून नांवावर न विसंबतां तो पेन्सिलीचा कागद आम्हीं पंचांगांत घालून ठेवला आहे.